जिभाऊंच्या पाठीमागे

सुरतेच्या गोडादऱ्यात खोली मिळावी म्हणून माझ्या नवऱ्याने मिशी काढली. चांगली झुपकेदार मिशी होती, पारोळ्याला आमच्या लग्नात तिचं कोण कौतुक झालं होतं. पण घरमालक दारात उभे राहिले, त्याच्या नाकाखाली बोट रोखलं आणि म्हणाले, "हाई काढी ये, मंग खोली दाखाडस." नवरा बिचारा कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेला आणि भलताच माणूस होऊन परत आला. मला हसू आवरेना. घरमालकांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी त्याला गाव, काम, पगार असं काहीबाही विचारलं, तो बोलत असताना त्याच्या ओठांकडे टक लावून पाहिलं आणि किल्ली काढून दिली.

त्यांना सगळे जिभाऊ म्हणत. आमच्या खानदेशात मानाच्या माणसाला तसं म्हणतात, आणि जिभाऊंना मान होताच. तरुणपणी सुरतेत आले, उभी हयात लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात काढली, कारागिराचे मास्टर झाले आणि निवृत्त होता होता हे तीन मजली घर बांधलं. प्लॉट इतका अरुंद की जिन्यात दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे फिरावं लागे. खाली ते आणि त्यांची बायको माई, वर आम्ही भाडेकरू. मी बी.ए. झालेली, आणि दिवसभर साड्यांना टिकल्या चिकटवत बसायची. त्या कामाला उजेड लागतो म्हणून खालच्या जिन्याजवळ बसायची. त्यामुळे जिभाऊंचं घर मला न विचारता दिसत राहायचं.

सरळच सांगून टाकते. जिभाऊंना ऐकू येत नव्हतं. कमी नव्हे, अजिबात नाही. पण हे आम्हाला फार उशिरा कळलं, आणि तोवर त्यांच्या प्रत्येक वागण्याला आम्ही भलतंच नाव देऊन बसलो होतो.

लूमच्या कारखान्यात खडखडाट एवढा असतो की तिथे कोणी कोणाचं ऐकत नाही. ओठ बघून बोलणं समजून घेतात, नाहीतर हाताने खुणा करतात. आमच्या गल्लीत निम्मे पुरुष लूमवाले. सगळेच मोठ्याने बोलणार, सगळेच दोनदा विचारणार. अशा गल्लीत एक माणूस पुरता बहिरा आहे हे कळणार कसं? शिवाय जिभाऊ ओठ वाचण्यात असे तरबेज की समोर उभं राहून तुम्ही कुजबुजलात तरी त्यांना कळायचं. भाडेकरू पोरं म्हणायची, म्हाताऱ्याचे कान फार तिखट आहेत.

"तोंड दाखाड, मंग बोल," हे त्यांचं पालुपद. पाठमोरं बोलणाऱ्याला ते उत्तरच देत नसत, त्यामुळे लोक त्यांना ताठ समजत. मिशीवाल्याला खोली नाही, यावरून ते तऱ्हेवाईक ठरले होते. गुटखा खाऊन बोलायला आलेल्या पोराला ते "पहले थूक, फिर बोल" म्हणून दारातून परत पाठवत, त्यामुळे गल्लीतल्या बायका त्यांना व्यसनमुक्तीवाले समजत. गावाकडून नव्याने आलेल्या सुना पदर तोंडावर ओढून भाडं द्यायला यायच्या, तर हे म्हणायचे, "तोंडवरना पदर काढ बेटा, हाई काय गाव नही." यावरून निम्मी गल्ली त्यांना सुधारक म्हणे आणि निम्मी चावट.

विजेच्या बिलावर जीव टाकणारा माणूस, पण घरातला बल्ब मावळतीपासून झोपेपर्यंत जळत असायचा. लाइट गेली की बोलणं अर्ध्यावर टाकून ते उठून जात. टीव्ही मात्र आवाज बंद करून बघत. एकदा मी विचारलंही, तर म्हणाले, आवाज चालू केला की मीटर जास्त पळतं. मी बी.ए. असूनही मला ते काही दिवस खरं वाटलं! फोन वाजला की (तो वाजतोय हे त्यांना त्याच्या उजेडावरून कळायचं) ते तो माझ्या हातात कोंबत. "तूच बोल वं बेटा, माले त्या डबडामा बोलाना कटाळा येस." कोरोनात सगळ्यांनी तोंडं बांधली तेव्हा तर ते घराबाहेरच पडेनासे झाले. लोकांना वाटलं, आजाराला घाबरले. आता वाटतं, त्या दिवसांत त्यांचं अख्खं जगच मुकं झालं असेल. तेव्हा आम्ही हसलो होतो.

आणि एक गोष्ट, जिच्यामुळे मला ते मनातून आवडत नसत. ते माईंचं काही ऐकत नसत.

माई जुन्या वळणाच्या. नवऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. "जेवाले चाला", "दूध संपनं", असलं चालू बोलणं त्या समोरून करायच्या. पण काही मागायचं असलं, मनातलं काही सांगायचं असलं, की त्या जिभाऊंच्या मागे जाऊन उभ्या राहायच्या, पदराचं टोक तोंडाशी धरायच्या आणि खाली बघून बोलायच्या. मोठी गोष्ट अशीच सांगायची असते, असं त्यांना आईने शिकवलेलं. मी जिन्याजवळून कितीदा बघितलंय. जिभाऊ जेवतायत, माई त्यांच्या पाठीशी उभ्या राहून हळू आवाजात विनवतायत, आणि हा माणूस शांतपणे भाकरी मोडतोय. हो नाही, ना नाही. माई थोडा वेळ थांबायच्या आणि मग डोळे पुसत आत जायच्या.

गल्लीतल्या पुरुषांत यामुळे जिभाऊंची वट होती. जिभाऊ म्हणजे बायकोच्या ताटाखालचं मांजर नाही, असं माझा नवराही एकदा कौतुकाने म्हणाला. त्या दिवशी मी त्याच्या भाजीत मीठ घातलं नाही.

त्यांना एकच मुलगी, सुनंदा. ती तापीपलीकडे कोसाडला दिलेली. जावई एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर होता, पगारातलं अर्धं पिऊन टाकायचा आणि उरलेल्या अर्ध्याचा राग बायकोवर काढायचा. सुनंदा माहेरी आली की फार बोलायची नाही. बापासमोर तर पदर हनुवटीपर्यंत ओढून बसायची. तिचंही वळण आईचंच.

आता ज्या सकाळी हे कळलं तिच्याकडे येते.

दिवाळीत सुरतेतले लूम बंद असतात. जो तो गावाकडे पळतो आणि गोडादरा ओस पडतो. आम्ही जे दोन-चार भाडेकरू मागे उरायचो, त्यांना जिभाऊ भाऊबीज उलटली की एका पहाटे टेम्पोत घालून डुमसला समुद्रावर न्यायचे. दरवर्षी. टेम्पोचं भाडं त्यांचं, टमाट्याची भजी त्यांच्याकडून. एवढा चिकट माणूस, पण त्या दिवशी हात सैल. तिथे गेल्यावर पाण्याच्या कडेला उभे राहून ते दरवर्षी एकच वाक्य बोलायचे, "आयका, काय आवाज शे! याना कारखानाले सुट्टी नही." आम्ही माना डोलवायचो.

त्या वर्षी धुकं पडलं होतं. कार्तिकातलं धुकं सुरतेत पडतं तसं नेहमी, पण त्या दिवशीचं दाट होतं. डुमसला उतरलो तर हाताच्या अंतरावरचं माणूस पुसट. ओहोटी लागलेली, पाणी कुठच्या कुठे गेलेलं, समोर नुसती काळी ओली वाळू. आणि शांतता. मला ती शांतता अजून आठवते. भजीवाल्याच्या कढईतला चुरचुराट तेवढा मागून येत होता. माझा नवरा आणि बाकीचे पोरांना घेऊन तिकडे वळले. जिभाऊ पाण्याच्या दिशेने चालू लागले. त्यांच्या मागे माई, आणि माईंच्या सोबतीला मी.

थोडं पुढे जाऊन जिभाऊ थांबले, हात पसरले आणि आमच्याकडे न बघताच म्हणाले, "आयका, काय आवाज शे आज!"

आवाज कुठला? समुद्रच नव्हता तिथे. मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसले. माई हसल्या नाहीत. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी पदराचं टोक तोंडाशी धरलं, नवऱ्याच्या पाठीशी दोन पावलांवर जाऊन उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. मी तिथे आहे हे त्या धुक्यात विसरल्या असाव्यात.

"आंडेरले, सुनंदाले, घर लई या. पाया पडस तुम्हना. वरनी खोली रिकामी शे, भाडं नही उनं तरी चाली. ती मरी जाई तठे. परवदिन गाडीवर तुम्हना मांगे बसीसन तिनी बठं सांगं तुम्हले, रडी रडी सांगं. तरी तुम्ही तिले तठेच सोडी उनात."

मला हे माहीत नव्हतं. दिवाळीला आलेल्या सुनंदाला जिभाऊंनी स्वतः स्कूटरवर बसवून कोसाडला पोचवलं होतं, एवढंच माहीत होतं. गोडादऱ्यापासून कोसाडपर्यंत ती बापाच्या पाठीला सगळं सांगत गेली होती, मला परत पाठवू नका म्हणत होती, आणि या माणसाने तिला दारात उतरवून गाडी वळवली होती. माझं डोकं तडकलं. जिभाऊ तसेच पाठमोरे, हात मागे बांधून, धुक्याकडे बघत उभे. माई थांबल्या. वाट बघितली. मग नेहमीसारखे डोळे पुसले आणि वळून भजीवाल्याच्या दिशेने चालू लागल्या.

मी तिथेच राहिले. आज या म्हाताऱ्याला चार शब्द सुनवायचेच, मग खोली गेली तरी बेहत्तर, असं ठरवून मी पदर खोचला. तेवढ्यात डाव्या हाताला हॉर्न वाजला. डुमसच्या वाळूवर पोरं भाड्याने चारचाकी फटफटी पळवतात, तसली एक धुक्यातून थेट आमच्यावर येत होती. चालवणारा जीव तोडून हॉर्न मारत होता, ओरडत होता. मी बाजूला झाले. जिभाऊ हलले नाहीत. मी किंचाळले, "जिभाऊ!" ते हलले नाहीत. त्यांनी मानही वळवली नाही. मी धावत जाऊन सदरा धरून त्यांना ओढलं, आम्ही दोघं वाळूत पडलो आणि ती गाडी शिव्या देत निघून गेली.

तेव्हा ते माझ्याकडे वळले. मी घाबरून काहीतरी बडबडत होते. धुक्यात त्यांना माझं तोंड नीट दिसेना. त्यांनी माझे खांदे धरले, चेहरा अगदी जवळ आणला आणि माझ्या ओठांकडे बघत राहिले. त्या नजरेत अशी काही केविलवाणी धडपड होती की माझा राग जागच्या जागी विझला. मिशी, गुटखा, बल्ब, मुका टीव्ही, सगळं एकदम उलगडलं. मी आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "तुम्हाला ऐकू येत नाही?"

ते लगेच म्हणाले, "तिले सांगू नको."

मग वाळूतच बसून बोलले. मास्टर झाल्यावर कान हळूहळू जात गेले. लूम बिघडतो तेव्हा आधी त्याचा आवाज बदलतो, तो ज्याला कळतो तो मास्टर. "बहिरा मास्टर कोन ठेवई?" म्हणून लपवलं. लूमवर हात ठेवून थरथरीवरून भागवलं. निवृत्त झाल्यावर सांगता आलं असतं, पण तोवर लपवायची सवय जडली होती आणि लाजही वाटत होती. माईंना बोलायचं असतं ते त्या समोरून बोलतात, घरात त्यांना काही अडत नाही, असा त्यांचा समज होता.

माईंनी आत्ता काय म्हटलं ते मी त्यांना सांगितलं. एकेक शब्द, ओठ मोठे करून. वरची खोली. सुनंदा. स्कूटर.

"गाडीवर?" ते म्हणाले. "गाडीवर बोली राहिंती ती?"

मी मान हलवली.

"माले वाटनं, गुपचूप बशेल शे." त्यांनी स्वतःच्या पाठीवर हात फिरवायचा प्रयत्न केला, जिथे सुनंदाने डोकं टेकलं असेल तिथे. मग फार हळू विचारलं, "आन तिनी माय आजलगून काय काय बोलनी व्हई मना पाठमांगे?"

मला त्यांच्याकडे बघवेना. जिन्याजवळ बसून मी जे जे बघितलं होतं ते सगळं माझ्या डोळ्यांपुढून जात होतं. मला त्यातलं ऐकू आलेलं थोडं होतं, आणि माझ्या आधीची कितीतरी वर्षं तर मी पाहिलीच नव्हती.

ते उठले ते थेट टेम्पोकडे. भजी अर्धवट टाकून सगळ्यांना वर चढवलं. कुठे जायचं कोणाला कळेना. टेम्पो गोडादऱ्याकडे वळलाच नाही, तापी ओलांडून कोसाडला सुनंदाच्या दारात जाऊन उभा राहिला. तोवर ऊन पडलं होतं. आम्ही पोराबाळांसकट, तेलकट हातांनी मागे उभे. जिभाऊ दारात जाऊन म्हणाले, "चाल बेटा, घर चाल." सुनंदाची सासू तोंडाला येईल ते बोलू लागली, जावई आतून शिव्या देत आला. जिभाऊंनी त्यांच्याकडे पाठ केली आणि मुलीच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. एकही शिवी त्यांच्यापर्यंत पोचली नाही. त्यांच्या बहिरेपणाचा उपयोग झालेला मी तेवढाच एकदा पाहिला. सुनंदा एक पिशवी घेऊन बाहेर आली आणि टेम्पोत आईच्या शेजारी बसली. माईंनी लेकीचा हात घट्ट धरला आणि नवऱ्याच्या पाठीकडे अशा काही नजरेने पाहिलं की मला वाटलं, झालं, आता सगळं नीट होणार.

संध्याकाळी जिभाऊंनी मला खाली बोलावलं. माईंना स्वतःच सांगायचं ठरवलं होतं त्यांनी. "ती पदर आड बोलई, माले कळावं नही. तू बस आठे," म्हणाले. मी बल्बखाली दोघांच्या मधोमध बसले. माझ्याइतकी अवघडलेली बाई त्या वेळी अख्ख्या सुरतेत नसेल.

त्यांनी सांगितलं. लांबण न लावता, माईंकडे बघून. माई ऐकत राहिल्या. मग जिभाऊ म्हणाले, "सोयरीक जमनी तवय मी तुले विचारं व्हतं, पोर तठे देऊ का. तू काहीच बोलनी नही. मी समजनू, तुना होकार शे."

माईंनी पदर तोंडाशी नेला. "बोलनू," त्या म्हणाल्या. "चुल्हाजोडेथून बोलनू. तठे देऊ नका, पोरले शिकू द्या, शाळाना बाई बी सांगाले उनती, असं बठं बोलनू."

जिभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी ते त्यांना सांगितलं. सांगताना माझा आवाज फुटत होता, पण त्यांना आवाजाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी एकदा जिन्याकडे पाहिलं. वरच्या खोलीत सुनंदा फरशी धूत होती.

मला वाटलं, आता माईंना भरून येईल. नवरा निर्दय नव्हता, बहिरा होता, हे कळल्यावर कुठल्याही बाईला बरंच वाटेल की. पण माई संतापल्या होत्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"दगड समजीसन संसार करा मी यासनासंगे," त्या पदराआडून मला म्हणाल्या. "दगड शे म्हनीसन मन मारी टाकं. मायले शेवटलं भेटनू नही, पोर गई, तरी भांडनू नही. आते हाऊ मानूस निंघना. आते मी काय करू?"

जिभाऊ माझ्याकडे बघत होते. मी काहीही गाळलं नाही. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बराबर बोलनी."

त्यानंतर गल्लीत सगळ्यांना कळलं, कारण जिभाऊंनी लपवायचं सोडून दिलं. नवऱ्याने पुन्हा मिशी वाढवली तर ते काही बोलले नाहीत. स्कूटरवर मागे कोणाला बसवायचं मात्र त्यांनी बंद केलं. सुनंदा वरच्या खोलीत ब्लाउज शिवू लागली. बापाशी बोलायचं झालं तर पदर बाजूला करून, समोर बसून बोलायला ती शिकली.

माई शिकल्या नाहीत. त्यांनी मागे जाऊन उभं राहणंच सोडलं. जिभाऊ बदलले होते, फार बदलले होते. जेवताना ताट घेऊन माईंच्या समोर येऊन बसायचे. दिवसातून कितीदा तरी विचारायचे, काही पाहिजे का, काही आणू का, कुठे जायचं का. माई चुलीकडे बघून मानेनेच नाही म्हणायच्या. ते पुन्हा पुढे येऊन बसायचे. म्हातारपणी त्या माणसाने बायकोच्या तोंडावर जेवढी आशा लावली होती तेवढी मी कोणात पाहिली नाही, आणि ते बघताना माझा जीव तुटायचा.

संक्रांतीच्या आसपास मी तिळाचे लाडू द्यायला खाली गेले होते. जिभाऊ नेहमीसारखे समोर बसलेले, नेहमीसारखं विचारत होते. "सांग ना, काय पाहिजे तुले? काही बी मांग."

माईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. डोक्यावरचा पदर मागे घेतला, वळून नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि त्यांना दिसावं म्हणून एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाल्या, "ज्या वखतनं त्या वखतले मांगं. आते काय मांगू?"

मी सवयीने जिभाऊंकडे वळले, सांगायला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांना कळलं होतं.